जळालेल्या प्लेटचा जबाब

तळोजा एमआयडीसीतून गाडी चालवणं म्हणजे ट्रेलरच्या मागच्या दिव्यांकडे बघत बसणं. एका बाजूला कळंबोलीच्या लोखंड बाजाराकडे निघालेली कॉइल, दुसऱ्या बाजूला न्हावाशेव्याहून आलेला कंटेनर, मधे आपण. पाच फूट पुढे, ब्रेक. तीन फूट पुढे, ब्रेक. अशाच एका रांगेतून सुटून मोकळ्या रस्त्याला लागताना माझ्या ऑटोमॅटिक गाडीनं तिसऱ्या गिअरला पहिल्यांदा दगा दिला. इंजिनाचा आवाज चढला, आरपीएमचा काटा वर गेला आणि गाडी मात्र आपल्याच नादात. पंधरा दिवसांत हे रोजचं झालं. एका सर्व्हिस सेंटरनं स्कॅनर लावला, कागद छापला आणि सांगितलं, "गिअरबॉक्स असेंब्ली बदलावी लागेल." आकडा गाडीच्या आजच्या किमतीच्या निम्म्यापुढे होता. मी आधीच बसलेलो होतो म्हणून बरं.

मामांचा पत्ता दिला तो एका फोर्कलिफ्टवाल्यानं. मामा माझे नव्हेत. एका भाच्याचे मामा, म्हणून सगळ्या गल्लीचे मामा. मूळचे कराडच्या बाजूचे. आधी फोर्कलिफ्ट, मग जेसीबी, मग कंटेनर उचलणारे रीच स्टॅकर, असं दुरुस्त करत मोटारींच्या ऑटोमॅटिकपर्यंत आलेले. शहरात 'ऑटोमॅटिक' म्हटलं की बिनक्लचची मोटार आठवते. तळोज्याच्या गोदामांत मात्र टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद तेलातून पुढे पोचवणारा भाग) आणि तेलात बुडालेले क्लच फोर्कलिफ्टच्या पोटात कधीपासून फिरताहेत, आणि ते जाळणारे ड्रायव्हरही. भाचा मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेला, खारघर-पनवेल पट्ट्यातल्या एका शोरूमच्या वर्कशॉपमध्ये नोकरीला. सुट्टीच्या दिवशी मामांकडे येतो. मदत करायला, असं तो म्हणतो. भांडायला, असं मामी म्हणतात.

गाडी सोडून चार दिवस झाले होते. "बॉक्स उघडलाय, बघायला या," असा निरोप आला, म्हणून गेलो. टेबलावर स्वच्छ पत्रा, त्यावर ओळीनं मांडलेले भाग. मामांनी दोन गोल चकत्या माझ्या हातात दिल्या.

मामा : ही तुमची प्लेट. आन् ही तिच्या शेजारच्या क्लचातली. वास घ्या.

एक काळीठिक्कर, करपलेल्या तव्याच्या वासाची. दुसरी तपकिरी, खरखरीत, धडधाकट.

भाचा : मामा, वास घेऊन रिपोर्ट लिहिता येत नाही.

मामा : रिपोर्ट तू लिही. काय लिहायचं ते मी सांगतो. कासाडी नदीच्या काठाला ऱ्हाऊन ज्याचं नाक शाबूत हाय, त्याला जळक्या तेलाचा वास कळायलाच पायजे.

ज्यांनी हे यंत्र आतून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये एक मोठा क्लच नसतो, छोटे छोटे अनेक असतात. प्रत्येकात फ्रिक्शनची एक प्लेट, स्टीलची एक, पुन्हा फ्रिक्शनची, अशी चळत. फ्रिक्शन प्लेटचे दाते आतल्या बाजूला, स्टीलचे बाहेर. एक जात फिरत्या हबवर, दुसरी ड्रममध्ये. मागून तेलाच्या दाबानं पिस्टन सरकतो, चळत दाबली जाते आणि दोघी एकत्र फिरू लागतात. दाब सोडला की स्प्रिंग पिस्टनला मागे ढकलते. कोणत्या क्षणी कोणत्या पिस्टनमागे किती तेल पाठवायचं, हे ठरवणारी ॲल्युमिनियमची पाटी म्हणजे वॉल्व्ह बॉडी. तिच्यात वारुळासारखे बोळ, बोळांत सरकणारे वॉल्व्ह आणि त्यांना हुकूम देणारे सोलेनॉइड. शाळेच्या पुस्तकातला पास्कल इथे दर सेकंदाला राबत असतो.

मामा : साहेब, रिव्हर्स टाकल्यावर उचलायला येळ घेत हुती का?

मी : हो. पार्किंगमधून काढताना जरा थांबून मग धक्का द्यायची.

मामा : आन् पाचव्यात?

पाचव्यात मी कुठल्या रस्त्यावर जाणार? पण एकदा द्रुतगती मार्गावर असाच काटा चढला होता, ते आठवलं.

मामा : झालं. तिसरा, पाचवा आन् रिव्हर्स, ह्या बॉक्सात तिन्हीला एकच क्लच. बाकीच्या प्लेटी नव्यागत. म्हंजे पंप चांगला, फिल्टर चांगला, तेलाची पातळी चांगली. त्यातलं एक जरी गेलं असतं तर समदेच क्लच जळाले असते. रोग एका वाटंवर हाय. मग ही समदी जत्रा कशापायी बदलायची? आजार म्हशीला आन् इंजेक्शन पखालीला.

भाचा : "एका वाटंवर" हे तुम्ही म्हणता. त्या वाटेवर किती ठिकाणं आहेत ते सांगा की सरांना. सोलेनॉइड, त्याच्या पुढचा रेग्युलेटर वॉल्व्ह, त्या वॉल्व्हचं भोक, वॉल्व्ह बॉडीच्या दोन भागांमधली प्लेट आणि गॅस्केट, तिथून शाफ्टवरच्या सीलिंग रिंगा, मग पिस्टनचं सील. सहा ठिकाणं. प्लेटी बदलून बॉक्स बांधला आणि सहातलं एक राहिलं, तर दोन महिन्यांत नव्या प्लेटी जळणार. आमच्याकडे अशी गाडी परत आली तर ग्राहक काउंटरवर उभा राहून ओरडतो. तुमच्याकडे चहा पिऊन जातो. म्हणून आम्ही असेंब्ली टाकतो. पैसे जास्त, पण गॅरंटी.

मामा : गॅरंटी कागदाला. कूलर?

भाचा गप्प. मला कळेना कूलर मधेच कुठून आला.

मामा : हां, आता बोल. क्लच जळतो तवा त्याची भुकटी तेलात जाती. तेल कूलरमधून फिरतं. भुकटी तिथं बसती. तुमी नवीन बॉक्स टाकता आन् जुना कूलर तसाच जोडता. पयल्याच फेरीला जुनी घाण नव्या वॉल्व्ह बॉडीत.

भाचा : आमच्या पुस्तकात कूलर धुवायचं किंवा बदलायचं लिहिलंय.

मामा : पुस्तकात.

भाचा : ...सगळीकडे होत नाही, मान्य.

खरं सांगायचं तर मला यातलं काहीच नको होतं. मला कारण नको होतं, गाडी हवी होती. सोमवारी ऑफिसला जायचं होतं. आणि माझ्यासारखी माणसं असेंब्ली बदलण्याला हो म्हणतात ती मूर्ख असतात म्हणून नाही. त्यांना निम्म्या किमतीत निम्मी खात्री नको असते. मामा ज्याला फेकाफेक म्हणतात, ती कित्येकदा गिऱ्हाइकानंच मागितलेली असते. भाच्यानं हे बोलून दाखवलं नाही, पण त्याच्या चेहऱ्यावर होतं.

त्यानं वेगळ्या बाजूनं सुरुवात केली.

भाचा : आणि असेंब्ली बदलली म्हणजे जुना बॉक्स भंगारात गेला असं नाही. परदेशात बऱ्याच कंपन्या जुना बॉक्स परत घेतात, कारखान्यात सगळा उघडतात, तुम्ही करता तेच करतात, फक्त बंद, स्वच्छ खोलीत आणि शेवटी टेस्ट बेंचवर चालवून. आपल्याकडे सगळेच तसं करत नाहीत, पण पद्धत तीच बरोबर. वॉल्व्ह आणि त्याचं भोक यांच्यातली जागा केसाच्या जाडीपेक्षा कमी. तिथे या रस्त्याची धूळ? बाहेरून ट्रेलर गेला की तुमच्या पत्र्यावर थर बसतो.

मामा : म्हणून तर झाकून ठेवतो. (माझ्याकडे वळून) ह्याचं खोटं न्हाय. माझ्या सुरवातीच्या दिवसांतली गोष्ट सांगतो. वॉल्व्ह बॉडी रॉकेलनं धुतली, वेस्टनं पुसली. वेस्ट म्हंजे ते सुताचं बोचकं, सगळ्या गॅरेजात असतं. बॉक्स बांधला. गाडी गेटच्या भायेर गेली न्हाय. पुन्ना उतरवला. एका वॉल्व्हात सुताचा एक धागा. एवढासा. दुसऱ्यांदा खोलायचे पैशे कुणाकडनं घ्यायचे? तवापासनं ह्या टेबलावर वेस्ट न्हाय. धुवायचं, हवेनं वाळवायचं, पुसायचंच न्हाय.

भाचा : हे मी तुम्हाला शिकवलेलं नाही. पण तुमचं हे पुढच्या गॅरेजात कुणाला माहीत आहे? तुमच्या डोक्यात आहे. उद्या तुम्ही गावी गेलात की संपलं.

मामा : रेल्वे फेकती का रं आख्खा बॉक्स?

भाचा : रेल्वे?

मामा : शंटिंगचं इंजिन बगितलंस का यार्डात? त्यात बी असाच कन्व्हर्टर असतो म्हनं.

असतो. किंबहुना भाच्यालाच त्याची माहिती जास्त निघाली. भारतीय रेल्वेच्या डब्ल्यूडीएस-४ जातीच्या शंटिंग इंजिनांत 'सूरी ट्रान्समिशन' वापरलं गेलं. एम. एम. सूरी या भारतीय अभियंत्यानं विकसित केलेली ही पद्धत. कमी वेगात टॉर्क कन्व्हर्टरनं ताकद द्यायची आणि वेग आला की तेल घुसळण्यात जाणारी ऊर्जा वाचवायची. मोटारींच्या बाबतीत पहिला मोठा टप्पा अमेरिकेतला. जनरल मोटर्सनं 1940 सालच्या ओल्ड्समोबिल मॉडेलमध्ये हायड्रामॅटिक हा पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दिला, आणि क्लच-पेडल नसलेली गाडी हजारोंनी बनू लागली. म्हणजे माझ्या गाडीच्या पोटातली कल्पना मामांपेक्षा वयानं मोठी.

भाचा : आणि रेल्वे फेकत नाही, कारण रेल्वेकडे शेड आहे, वेळापत्रक आहे, प्रत्येक इंजिनाचं रजिस्टर आहे. कोणत्या तारखेला कोणता भाग किती झिजला ते लिहिलेलं आहे. मी तेच म्हणतोय मामा. दुरुस्तीला माझा विरोध नाही. नोंद नसलेल्या दुरुस्तीला आहे.

मला वाटतं, त्या दुपारी भाचा बोलला त्यातलं हे सगळ्यात वजनदार वाक्य. मामांनी ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि कॉम्प्रेसर चालू केला.

दोन-तीन किलो दाबाची हवा त्यांनी जुन्या पिस्टनच्या भोकातून सोडली. चांगला क्लच असला तर हवेनं पिस्टन ठक्कन पुढे येतो आणि थांबतो. हा आला, पण मरगळल्यासारखा, आणि मागून सुस्स आवाज सुटला. मामांनी पिस्टन काढून त्याच्या कडेचं रबरी ओठासारखं सील माझ्यापुढे धरलं. नखानं दाबलं तर वाकण्याऐवजी भेगाळलं.

मामा : हा तुमचा चोर. उष्णतेनं रबर टणक झालं. तेल पिस्टनला ढकलायचं सोडून बाजूनं पळायला लागलं. दाब अपुरा, म्हणून प्लेटी घसरल्या. घसरल्या म्हणून तापल्या. तापल्या म्हणून जळाल्या. शेवटाला दिसतं ते प्लेटीचं मरण, पण गुन्हेगार ही रबराची कड. असेंब्ली बदलणाऱ्याला हे कधी कळंल का? त्यानं प्रेतच उघडलं न्हाय.

भाचा : बरोबर. पण वॉल्व्हचं भोकही झिजलेलं नाही कशावरून? सोलेनॉइड त्या वॉल्व्हला सारखा पुढे-मागे हलवत असतो, ॲल्युमिनियमचं भोक अंडाकृती होतं. ते डोळ्यांना दिसत नाही, नखाला कळत नाही. वॉल्व्ह हातानं सरकवून "मोकळा चालतोय" म्हणणं म्हणजे काहीच न म्हणणं.

त्यानं येताना पिशवीतून एक छोटा व्हॅक्यूम पंप आणला होता. एकेका भोकाला रबरी टोक लावून तो हवा खेचत राहिला आणि पंपावरच्या गेजचा काटा किती टिकतो ते वहीत लिहीत राहिला. यात पाऊण तास गेला. मामांनी दोनदा घड्याळाकडे आणि एकदा आभाळाकडे बघितलं. सगळी भोकं ठीक निघाली.

मामा : बघ. म्हंजे माझंच खरं हुतं.

भाचा : खरं होतं हे आत्ता कळलं. मघापर्यंत नुसतं वाटत होतं.

चहा आला. तेलाचा विषय चहाबरोबर निघाला आणि तिथे भाच्यानं जागा बदलली. म्हणजे पुस्तकाची बाजू घेणारा भाचाच पुस्तकावर तुटून पडला.

भाचा : सर, तुमच्या गाडीचं एटीएफ, म्हणजे गिअरबॉक्सचं तेल, कधी बदललं होतं?

मी : बदलायचं नसतं ना? 'लाइफटाइम' म्हणून सांगितलं होतं.

भाचा : मॅन्युअलच्या मागच्या पानांवर 'खडतर वापर' असा एक तक्ता असतो. त्यात काय येतं वाचा : सतत थांबत-थांबत चालवणं, खूप वेळ इंजिन चालू ठेवून उभं राहणं, उष्ण हवा, धूळ. हे खडतर वापराचं वर्णन आहे की कळंबोली सर्कलचं? तळोज्यात राहणाऱ्या माणसानं पहिलं पान वाचायचंच नाही.

मामा : गाडी रांगेत हळू सरकती तवा कन्व्हर्टरमधी तेल नुसतं घुसळतं. ताकाच्या डेऱ्यागत. लोणी येत न्हाय, उष्णता येती. त्याच उष्णतेनं रबर मेलं.

तेल म्हणजे नुसतं वंगण नव्हे, हे मला तिथे पहिल्यांदा समजलं. त्याला दाब पोचवायचा असतो, उष्णता वाहून न्यायची असते आणि क्लचच्या प्लेटी धरताना किती पटकन धराव्यात हेही त्यातली रसायनं ठरवतात. फार निसरडं झालं तर क्लच घसरतो, फार चिकट धरलं तर गाडी थरथरते. भाच्यानं यावर एक विलक्षण गोष्ट सांगितली. 1970च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेत या तेलात स्पर्म व्हेलच्या तेलाचा अंश असे. देवमासे संपत चालले म्हणून त्यावर बंदी आली आणि तेल बनवणाऱ्यांना त्या गुणाची दुसरी रसायनं शोधावी लागली.

मामा : देवमासा? गिअरबॉक्सात? (बराच वेळ हसून) आन् आमी हितं कुठलं बी लाल तेल वतणाऱ्याला शिव्या देतो.

लाल रंगाचंही तसंच. तो रंग गळती ओळखता यावी म्हणून घातलेला असतो. रंग सारखा म्हणून तेल सारखं नसतं. आणि लाल जाऊन गुलाबी, दुधाळ दिसायला लागलं तर पाणी शिरलं असं समजायचं. फ्रिक्शन प्लेटवरचं अस्तर कागदी जातीचं असतं, पाण्यानं त्याचा गोंद सुटतो. 26 जुलै 2005च्या पुरानंतर अशा गाड्या किती आल्या हे मामा सांगू लागले, पण ते पुराचंच सांगत बसले. गाड्या मागे राहिल्या.

एक गोष्ट मामांनी मला बजावून सांगितली, ती इथे लिहून टाकतो. 'ऑटोमॅटिक' हा शब्दच फसवा. 2014 साली सेलेरिओपासून आपल्याकडे जी स्वस्त एएमटी आली, तिच्यात गिअरबॉक्स साधाच, क्लच कोरडा एकच. फक्त आपल्या पायाचं आणि हाताचं काम एक हायड्रॉलिक यंत्र करतं. सीव्हीटीत पट्टा आणि पुली. दोन क्लचवाल्यांत काही कोरडे, काही ओले. "समद्यांची दुखणी येगळी. कुणी म्हनला 'ऑटोमॅटिक करतो', तर इचारायचं, कुठली?" मग ते पुन्हा आपल्या लाडक्या फोर्कलिफ्टकडे वळले. तिच्यात एक इंचिंग पेडल असतं. माल वर उचलताना इंजिनाची रेस हवी, पण गाडी मुंगीच्या पावलानं सरकायला हवी, म्हणून ते पेडल क्लचमधला दाब अर्धा सोडतं. नवशिके दिवसभर त्यावर पाय ठेवून बसतात. मामांच्या मते तळोज्यातल्या निम्म्या जळक्या प्लेटी त्या एका पायाच्या. हा मामांचा हिशेब, भाच्यानं लगेच विचारलं, "मोजलं कधी?"

चारच्या सुमाराला नव्या प्लेटी बांधायला घेतल्या. त्या सकाळपासून एटीएफमध्ये भिजत पडल्या होत्या. कोरड्या प्लेटी बसवल्या तर पहिल्याच दाबाला करपतात. अर्धा तास तरी हवाच, कित्येक मॅन्युअलं दोन तास सांगतात. मामा सकाळी घालतात, दुपारी काढतात. नवीन सीलाचा पिस्टन त्यांनी तेल लावून, बोटानं कड आत सारत, बाळाला अंगडं घालावं तसा बसवला. इथे भाचा काही बोलला नाही. या कामाला पुस्तकात एक ओळ असते आणि हाताला वीस वर्षं लागतात. मग स्टील, फ्रिक्शन, स्टील, फ्रिक्शन, शेवटी जाड प्रेशर प्लेट आणि तिच्यावर खाचेत बसणारी स्नॅप रिंग. मामांनी अंगठ्यानं चळत वर-खाली हलवली.

मामा : बरोब्बर.

भाचा : किती?

मामा : जेवढं पायजे तेवढं.

भाचा : मामा.

दर फ्रिक्शन प्लेटमागे साधारण पाव मिलिमीटर मोकळीक, असा जुन्या मिस्त्रींचा ठोकताळा आहे. कमी ठेवली तर क्लच सुटलेला असतानाही घासतो. जास्त ठेवली तर पिस्टनला लांब जावं लागतं, गिअर उशिरा लागतो. पण ठोकताळा तो ठोकताळा; प्रत्येक बॉक्सचा आकडा कंपनी देते, आणि तो जुळावा म्हणून वेगवेगळ्या जाडीच्या रिंगा मिळतात. भाच्यानं मोबाइलवर आकडा काढला, फिलर गेजची पाती उघडली आणि चळतीत घातली. मग ड्रम फिरवून दुसऱ्या जागी. मग तिसऱ्या.

भाचा : इथे बसतं. इथे बसतं. इथे जास्त येतंय.

मामा : गेज वाकडं धरलंस.

भाचा : तुम्ही धरा.

मामांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. पात घातली, काढली, पुन्हा घातली. त्या तिसऱ्या जागी ती खरोखरच सैल जात होती. शेडमध्ये कुणी काही बोललं नाही. बाहेर एक ट्रेलर रिव्हर्स घेत होता, त्याचा पीं-पीं तेवढा. मामांनी ड्रम उजेडाकडे तिरका केला, स्नॅप रिंगवरून नख फिरवलं आणि एका ठिकाणी थांबले. तिथे ती खाचेत पुरती बसलीच नव्हती. स्क्रूड्रायव्हरचं टोक लावून त्यांनी तळहातानं एक हलका दणका दिला.

कट्.

"लिही वहीत," मामा म्हणाले, आणि गेज पुन्हा भाच्याच्या हातात दिलं.